जुनी झेड-फोर घ्यावी का? नागपुरात वापरलेल्या एका स्पोर्ट्स कारचे दुरुस्तीच्या अंगाने परीक्षण

बीएमडब्ल्यू झेड-फोरची 2009 ते 2016 या काळात जर्मनीतील रेगेन्सबुर्गच्या कारखान्यात तयार झालेली पिढी, जिला जाणकार ई-89 या नावाने ओळखतात, आता जुन्या गाड्यांच्या बाजारात एखाद्या चांगल्या नव्या एसयूव्हीच्या भावात मिळू लागली आहे आणि नागपुरातही तिची चौकशी करणारे बरेच जण भेटतात. तीन लिटरचे, दोन टर्बोंचे (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्यांचे) इंजिन असलेली 35आय ही तिची आवृत्ती मी स्वतः वापरतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: या गाडीचे इंजिन मुळात दणकट आहे, परंतु त्याच्याभोवतीचे रबर, प्लास्टिक आणि कूलिंगची यंत्रणा वयामुळे थकलेली असते आणि विदर्भाचा उन्हाळा तो थकवा लवकर उघडा पाडतो. हे सगळे भाग पहिल्याच वर्षी बदलून घेण्याची ज्याची तयारी आहे त्याने ही गाडी जरूर घ्यावी. ज्याची सगळी पुंजी गाडीच्या किमतीतच संपणार आहे त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

गाडी चालवायला कशी आहे हे थोडक्यात सांगतो. तिचे बाह्यरूप युलियाने ब्लासी यांनी आणि अंतर्भाग नादिया अर्नौट यांनी रेखाटला, आणि पंधरा वर्षांनंतरही ती रेषा जुनी वाटत नाही. बॉनेट लांबलचक, चालकाची सीट जवळजवळ मागच्या चाकांवर, आणि जोर फक्त मागच्या चाकांना. एन-54 या तिच्या इंजिनाची ताकद 306 अश्वशक्ती आहे आणि 400 न्यूटन-मीटरचा टॉर्क 1,300 आरपीएमपासूनच मिळतो, त्यामुळे बर्डीच्या गर्दीतही गाडी कुरकुरत नाही आणि मोकळ्या रस्त्यावर शून्य ते शंभरचा वेग पाच सेकंदांच्या आसपास गाठते. या इंजिनाला 2007 आणि 2008 अशी दोन वर्षे लागोपाठ ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला होता. कंपनीच्या इतर गाड्यांमध्ये पुढे एका टर्बोचे नवे इंजिन आले, तरी झेड-फोर 35आयमध्ये हेच इंजिन शेवटपर्यंत राहिले. म्हणजे 2010 ची गाडी घ्या की 2015 ची, खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी दोन्हींना लागू पडतात.

सर्वांत आधी वॉटर पंपाबद्दल. या इंजिनाचा वॉटर पंप बेल्टवर चालत नाही. तो विजेवर चालतो, इंजिनाच्या खालच्या अंगाला बसवलेला असतो आणि गाडीचा संगणक गरजेनुसार त्याचा वेग ठरवतो. जुन्या पद्धतीचा पंप जाण्याआधी गळतो, आवाज करतो, चार दिवस सूचना देतो. हा पंप मात्र पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता एकदम थांबतो. डॅशबोर्डवर थर्मामीटरचे पिवळे चिन्ह येते, काही क्षणांत ते लाल होते आणि इंजिन स्वतःची ताकद कमी करते. अशा वेळी ‘घर जवळच आहे, जाऊ हळूहळू’ असा विचार करणाऱ्याच्या गाडीचे हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकण्याची शक्यता असते, म्हणून लाल चिन्ह दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि टोइंगची गाडी बोलवावी. मे महिन्यात नागपूरचा पारा कधी कधी 45 अंशांच्या वर जातो, एसी पूर्ण चालू असतो आणि व्हेरायटी चौकात सिग्नलवर गाडी उभी असते, तेव्हा सगळा भार या एका पंपावर आणि रेडिएटरच्या पंख्यावर येतो. म्हणून माझ्या गाडीत तो चालू स्थितीत असतानाच मी थर्मोस्टॅटसह (तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेसह) बदलून घेतला. हे दोन्ही भाग शेजारी शेजारी असतात, खोलण्याची मेहनत सारखीच, त्यामुळे एक बदलून दुसरा जुना ठेवण्यात अर्थ नाही. पंप धरून ठेवणारे अॅल्युमिनियमचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. तेच बोल्ट परत लावणाऱ्या मेकॅनिककडे हे काम देऊ नये.

पंप बदलल्यावर कूलंटमधील (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातील) हवा काढण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. इंजिन बंदच राहते. इग्निशन चालू करायचे, हीटर सर्वांत गरम आणि पंखा सर्वांत मंद ठेवायचा, आणि अॅक्सिलरेटरचे पेडल सुमारे दहा सेकंद तळापर्यंत दाबून धरायचे. त्यानंतर पंप आपोआप सुरू होतो आणि जवळजवळ बारा मिनिटे कमी-जास्त वेगाने कूलंट फिरवत राहतो. हिंगणा रस्त्याकडच्या ज्या गॅरेजमध्ये मी हे काम करून घेतले तेथे शेजारच्या गाडीवर काम करणारा मुलगा विचारायला आला की इंजिन बंद असताना ही घरघर कशाची. मिस्त्रींनी त्याला टाकीच्या तोंडातून येणारे बुडबुडे दाखवले आणि म्हणाले, “भाऊ, हवा निघून राहिली, झाकण लावायची घाई नको करू.” बुडबुडे थांबल्यावर त्यांनी पातळी पुन्हा भरली, पंप पुन्हा फिरवला आणि मगच इंजिन सुरू केले. ज्या गॅरेजमध्ये ही पद्धत ठाऊक नसते तेथे यंत्रणेत हवा राहते आणि नवा पंपही लवकर जातो. म्हणून काम देण्याआधी ‘हवा कशी काढता’ एवढा एकच प्रश्न विचारला तरी समोरच्याच्या माहितीचा अंदाज येतो.

दुसरा मोठा विषय ऑइलच्या गळतीचा. ऑइल फिल्टर ज्या घरात बसतो त्या घराचे गॅस्केट (सांधा बंद ठेवणारे रबरी कडे) वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते आणि तेथून ऑइल पाझरू लागते. गॅस्केट स्वतः स्वस्त आहे, मजुरी जास्त आहे, आणि त्यामुळे पुष्कळ मालक ‘थोडेसेच तर गळते’ म्हणून काम पुढे ढकलतात. पण हे ऑइल खाली बेल्टवर पडते. ऑइलने भिजलेला बेल्ट घसरतो, फाटतो आणि त्याचे तुकडे क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या सीलमधून थेट इंजिनात ओढले जाण्याचे प्रकार या इंजिनांत झालेले आहेत. एका रबरी कड्यापायी अख्खे इंजिन उघडण्याची पाळी येते. गाडी पाहायला जाल तेव्हा टॉर्च घेऊन जा आणि फिल्टरच्या घराखाली ओलसर, धूळ बसलेली काळी कड आहे का ते बारकाईने पाहा. बॉनेट उघडल्यावर जळक्या ऑइलचा वास येत असेल तर वरच्या व्हॉल्व्ह कव्हरकडे वळा. ते कव्हर प्लास्टिकचे आहे, त्याला तडा जातो किंवा त्याचे गॅस्केट सुकते आणि ऑइल गरम एक्झॉस्टवर ठिबकते. इंजिन नुकतेच धुऊन चकचकीत केलेली गाडी दिसली तर मी ती विकत घेण्याआधी काही दिवस चालवून पुन्हा दाखवायला सांगेन, आणि विकणारा नाही म्हणाला तर तेथून निघेन.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. या इंजिनाला ऑइल मोजण्याची पट्टी नाही. पातळी सेन्सरने मोजली जाते आणि पडद्यावर दिसते, तीही इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. ऑइल सुमारे साडेसहा लिटर लागते आणि ते कंपनीच्या एलएल-01 मानकाचेच हवे. कंपनीचा दोन ऑइल बदलांमधील कालावधी लांब आहे. आपल्या उन्हाळ्यात आणि शहरी वाहतुकीत तो निम्मा करावा, असे माझे ठाम मत आहे.

पेट्रोलच्या यंत्रणेतील बिघाड हा या इंजिनाचा सर्वांत गाजलेला दोष. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारण्यासाठी जो उच्च दाबाचा पंप लागतो तो इतक्या गाड्यांमध्ये निकामी झाला की ऑक्टोबर 2010 मध्ये कंपनीने अमेरिकेत टर्बो इंजिनाच्या गाड्या परत बोलावल्या, त्यांत 2009 आणि 2010 ची झेड-फोर 35आयही होती, आणि तेथील ग्राहकांना या पंपाची वॉरंटी 10 वर्षे किंवा 1,20,000 मैल इतकी वाढवून दिली. पुढे पंपाच्या सुधारित आवृत्त्या आल्या. म्हणून 2010 च्या आसपासची गाडी पाहताना पंप बदलल्याचे बिल आहे का हे विचारावेच. बिल नसेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी आपल्या समोर थंड इंजिन सुरू करायला लावावे. स्टार्टर बराच वेळ फिरून मग इंजिन पेटत असेल, किंवा जोर देताना गाडी मध्येच दम टाकत असेल, तर संशय या पंपावर घ्यावा. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन थरथरत असेल आणि धुरात पेट्रोलचा उग्र वास असेल तर दोष बहुधा इंजेक्टरचा, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीचा. हे इंजेक्टर पिएझो प्रकारचे आणि महाग आहेत. त्यांच्या अंगावर आवृत्तीचा क्रमांक कोरलेला असतो आणि शेवटची 12 क्रमांकाची आवृत्ती सर्वांत भरवशाची मानली जाते. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्यावरचे आकडे गाडीच्या संगणकात नोंदवावे लागतात, त्यामुळे फक्त पाना फिरवू शकणाऱ्या गॅरेजचे हे काम नाही.

टर्बोंबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण येथे ग्राहकाचा सर्वांत जास्त पैसा विनाकारण जातो. दोन्ही टर्बोंवर वेस्टगेट नावाची झडप असते आणि तिच्या दांड्याचे बुश (आधाराचे कडे) झिजले की अॅक्सिलरेटर सोडताना बॉनेटखालून पत्र्याचा डबा हलल्यासारखा खडखडाट ऐकू येतो. नुसता खडखडाट असेल, गाडीचा जोर पूर्ण असेल, तर दांड्याचे अंतर नीट करून बराच काळ गाडी चालवता येते. झीज वाढली की झडप नीट बंद होत नाही, हवेचा दाब अपुरा पडतो, गाडी मर्यादित ताकदीवर जाते आणि स्कॅनरवर 30एफएफ हा कोड येतो. हा कोड दिसला की ‘दोन्ही टर्बो गेले’ असे सांगून मोकळे होणारे लोक आहेत. पण तोच कोड इतर कारणांनीही येतो. वेस्टगेट हलवण्यासाठी लागणारा व्हॅक्यूम बारीक रबरी नळ्यांमधून जातो. त्या नळ्या गरम इंजिनाच्या अंगाला चिकटून असतात आणि वर्षानुवर्षे भाजून कडक, सच्छिद्र होतात. माझ्या गाडीच्या वयोमानाने जुन्या झालेल्या नळ्या मी सगळ्याच बदलल्या. काढलेल्यांपैकी एक मिस्त्रींनी बोटांत धरून किंचित वाकवली, तेव्हा ती वाकली नाही, मोडली, आणि तुटलेल्या कडेवर जाळीसारख्या बारीक भेगा होत्या. कोणतीही गाडी 30एफएफसाठी गॅरेजमध्ये असेल तर आधी नळ्या, मग बूस्टचे (टर्बोच्या हवेच्या दाबाचे) सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपा, मग इंटरकूलरपासून येणाऱ्या पाइपांचे जोड, या सगळ्यांची धूर सोडून गळती-चाचणी करून घ्यावी, आणि हे सर्व निर्दोष ठरल्यानंतरच टर्बोंकडे जावे. या क्रमाला नकार देणाऱ्या गॅरेजमध्ये टर्बोचे काम देऊ नये.

इंजिनाशी संबंधित बाकीच्या गोष्टी तुलनेने सोप्या आहेत. व्हॅनॉसचे (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचे) दोन सोलेनॉइड समोरच असतात आणि थोड्या वेळात बदलता येतात. थ्रॉटलला जोडलेला प्लास्टिकचा चार्ज पाइप ट्यूनिंग केलेल्या गाड्यांत फुटतो, म्हणून गाडीची ताकद वाढवून घेतली होती का हे स्पष्ट विचारावे. मी स्वतः ट्यून केलेली गाडी घेणार नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या झडपा) धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळीचा थर साचतो. तो अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून काढतात; त्याने धातूला ओरखडा जात नाही आणि व्हॉल्व्ह स्वच्छ होतात. असे काम करणारे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच ते करावे, बाटलीतील द्रव पेट्रोलमध्ये ओतून हा थर निघत नाही.

दोन क्लचचा सात गिअरांचा गिअरबॉक्स या गाडीचा गुण आहे. त्याचे ऑइल कधीच बदलावे लागत नाही असे विकणारे सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या गाडीत ते बदलून घ्यावे, आणि पातळी ठरलेल्या तापमानाला स्कॅनर लावून पाहावी. गाडी पाहताना पार्किंगमध्ये अगदी हळू पुढे-मागे करावी. त्या वेळी झटका बसत असेल तर क्लच किंवा त्याचे नियंत्रण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता छप्पर. झेड-फोरच्या या पिढीला प्रथमच दुमडणारे धातूचे छप्पर मिळाले. दोन भागांचे अॅल्युमिनियमचे हे छप्पर सुमारे वीस सेकंदांत डिकीत जाते आणि मग 310 लिटरची डिकी 180 लिटरची उरते. छप्पर अडले की लोक घाबरून थेट हायड्रॉलिक पंपाचा भाव विचारतात, पण पुष्कळदा डिकीतील सामानाचा पडदा त्याच्या जागी अडकवलेला नसतो, किंवा बॅटरी अशक्त असते, किंवा छपराच्या हालचालीची खूण देणारा एखादा लहान स्विच बंद पडलेला असतो. बॅटरी नवी बसवली तर तिचीही संगणकात नोंद करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहते. रबरी पट्ट्यांना उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्याआधी रबराचे ग्रीस लावावे आणि पाणी वाहून जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. जूनचा पाऊस सुरू होण्यापूर्वी एवढे केले तर आत पाणी येत नाही. उघड्या छपराने फिरण्याचा खरा काळ नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीच्या सकाळी फुटाळ्याकडून अमरावती रस्त्याने निघालो की या गाडीवर केलेला खर्च मला मनापासून योग्य वाटतो.

शहरातील सिमेंटचे रस्ते आणि या गाडीचे टायर यांचे मात्र जमत नाही. मूळ टायर रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे, आहेत, त्यांच्या भिंती कडक असतात आणि रस्त्याचा प्रत्येक सांधा पाठीला जाणवतो. पुढच्या चाकांना धरणाऱ्या आर्मचे बुश आणि रिम यांनाही त्याचा त्रास होतो. मी साधे टायर बसवून डिकीत पंक्चर किट आणि हवा भरण्याचा पंप ठेवतो, आणि गाडी त्यामुळे पुष्कळ सुसह्य झाली आहे. समृद्धी महामार्गावर जायचे असेल तर टायरांची बनावटीची तारीख आणि हवा आधी तपासावीच. 701 किलोमीटरच्या त्या काँक्रीटच्या रस्त्यावर कारची वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे आणि उन्हाळ्यात सलग एवढ्या वेगाने चालताना जुना, सुकलेला टायर दगा देतो. झेड-फोरसारख्या कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर दिसायला नवे आणि वयाने जुने असतात, हे लक्षात ठेवावे.

नागपुरातच वापरलेली गाडी घेत असाल तर पुराची चौकशी आवश्यक आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. झेड-फोर जमिनीला लागून चालणारी गाडी आहे. जेथे उंच गाडीच्या फक्त दारापर्यंत पाणी येते तेथे हिच्या सीटखालचे वायरिंग बुडते. डिकीतील गालिचा उचलून बॅटरीच्या आसपास सुकलेला गाळ आहे का ते पाहावे, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ आहे का ते तपासावे आणि विमा कंपनीकडील दाव्यांचा इतिहास मागवावा. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचले असताना ही गाडी घालू नये, हेही ओघाने आलेच.

बाहेरगावची गाडी घेताना आणखी एक बाजू आहे. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील गाड्या कमी भावात बाहेर येऊ लागल्या. त्या नागपुरात आणताना एनओसी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर यांचा खर्च मिळवला की तो फायदा बराचसा संपतो. कमी किलोमीटर हा निकष मी तर दुय्यम मानतो. वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली, तीस हजार किलोमीटर चाललेली गाडी आणि नियमित चालवलेली, ऐंशी हजार किलोमीटरची, पंप-गॅस्केट-इंजेक्टरची बिले असलेली गाडी, यांतून मी दुसरी निवडेन, कारण रबर न चालवताही म्हातारे होते.

शेवटी पेट्रोल आणि कागदपत्रे. इंजिनाला उच्च ऑक्टेनचे पेट्रोल लागते, त्यामुळे 95 किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचेच भरावे. शिवाय या गाड्या 20 टक्के इथेनॉलचा विचार करून बनलेल्या नाहीत, म्हणून पेट्रोलच्या नळ्या दर सर्व्हिसिंगला पाहून घ्याव्यात आणि महिनोन्महिने टाकी भरून गाडी उभी ठेवू नये. ही गाडी भारतात पूर्ण बनून आयात होत असे, आणि आरटीओच्या हिशेबात हा फरक मोठा आहे: 2022 पासून लागू झालेल्या केंद्राच्या दरांनुसार पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना साध्या कारला 5,000 रुपये शुल्क असेल तर आयात कारला 40,000 रुपये आहे, आणि पर्यावरण कर वेगळा. 2010 आणि 2011 च्या गाड्या नेमक्या याच टप्प्यावर आहेत, त्यामुळे किंमत ठरवण्यापूर्वी आरसीवरील नोंदणीची तारीख पाहावी आणि नूतनीकरण झालेले नसेल तर ती रक्कम विकणाऱ्याच्या भावातून वजा करून घ्यावी.